ग्रानादाचे पाट

ग्रानादा शहरात पाणी आधी ऐकू येतं, मग दिसतं. अल्हाम्ब्राकडे चढणाऱ्या झाडीतल्या रस्त्याच्या कडेला दगडी पन्हळी आहेत आणि ऐन ऑगस्टातही त्यांतून पाणी खळाळत उतरत असतं. समोरच्या आल्बायसीन टेकडीवर पांढऱ्या भिंतींच्या बोळांतून चालताना पलीकडच्या बागेत कारंजं चालू असल्याचं कळतं, बाग मात्र दिसत नाही. १९९०च्या सुमारास स्पॅनिश शिकण्यासाठी मी त्या शहरात राहिले. पुढे अधूनमधून जात राहिले आणि आता पुन्हा एकदा जाऊन आले. मधल्या काळात तिथे काय बदललं, हे आठवायला बसले की मन फिरून फिरून पाण्यापाशीच येतं.

दक्षिण स्पेनच्या या आंदालुसिया प्रांताची जाहिरात तेव्हाही तीन गोष्टींवर चालायची आणि आजही चालते: भूमध्य समुद्राचा किनारा, सिएरा नेवादाचा बर्फ आणि मूर राजांचे महाल. सकाळी बर्फावर स्की करा, दुपारी समुद्रात डुंबा, संध्याकाळी महाल बघा, असं पत्रकात लिहिलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. मुलासेन हे ३,४७९ मीटर उंचीचं शिखर, अख्ख्या इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वांत उंच, समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर उभं आहे. त्याला नावसुद्धा मिळालं आहे ते ग्रानादाच्या शेवटून दुसऱ्या सुलतानाचं. पण पत्रकात या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या मांडलेल्या असतात, आणि त्यांना जोडणारा पाट कुठेच नसतो. उन्हाळाभर पाऊस न पडणाऱ्या या मुलखात डोंगराचं पाणी शेतात, घरात, महालात आणि किनाऱ्याच्या मळ्यांत वळवण्याची जी व्यवस्था लागली, ती इसवी सन ७११नंतर उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरब आणि बर्बर लोकांनी विणली. रोमनांचेही पाट होते, पण एवढ्या बारीक जाळ्याचे नव्हते. जवळजवळ आठशे वर्षांनी त्यांचं राज्य गेलं, पुढे ती माणसंही हाकलली गेली. पाट राहिले. त्या पाटांना तिथे आसेकिया म्हणतात.

अल्हाम्ब्रापासून सुरुवात करायला हवी, कारण सगळे तिथूनच करतात. नासरी घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने १२३८मध्ये ग्रानादा ताब्यात घेतलं आणि या टेकडीवर राजधानी करायचं ठरवलं. टेकडी मोक्याची होती, पण कोरडी. त्याने पहिल्या कामांत जे काम हाती घेतलं ते पाण्याचं. दार्रो नदीवर सहा-एक किलोमीटर वरच्या अंगाला बांध घालून त्याने डोंगराच्या कुशीतून शाही पाट काढला. तो पाट आधी हेनेरालिफेच्या बागेत येतो आणि मग अल्हाम्ब्रात शिरतो. हेनेरालिफेतला तो प्रसिद्ध लांबट चौक म्हणजे खरं तर या पाटाचाच एक तुकडा आहे. राजाची बाग पाटाभोवती आखलेली आहे. पाण्यावर कमान धरणारी कारंजी सगळ्यांच्या फोटोंत असतात, पण ती फार नंतरची. नासरी कारागिरांना उसळतं पाणी फारसं नको होतं. कोमारेस महालासमोरच्या विलायती मेंदीच्या चौकात कुंडाच्या दोन टोकांना पाणी इतक्या हळू सोडलं आहे की पृष्ठभागावर तरंग उठत नाही आणि मनोरा त्यात जसाच्या तसा उतरतो. वर, हेनेरालिफे बागेच्या मागच्या जिन्यावर, पाणी कठड्यातून वाहतं. उन्हाळ्याच्या दुपारी त्या कठड्यातल्या पन्हळीत हात बुडवून पायऱ्या चढाव्यात, असं सुख मला दुसऱ्या कुठल्याही महालात मिळालं नाही.

आम्ही विद्यार्थी तेव्हा गोमेरेसच्या चढणीने वर जायचो. त्या चढणीवर गिटार बनवणाऱ्यांची आणि लाकडात हाड-शिंपला बसवून नक्षी करणाऱ्या ताराथेआ कारागिरांची दुकानं होती. रंध्याचा आवाज आणि सरसाचा वास रस्त्यावर यायचा. वर खिडकीत पेसेता मोजायच्या, तिकीट घ्यायचं आणि आत जायचं. उन्हाळ्यात गर्दी तेव्हाही असायची. पण जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी, वर्ग लवकर सुटला म्हणून, वही घेऊन सिंहांच्या चौकात जाऊन बसता येत असे. तो चौक तेव्हा खडी-मातीचा होता. बारा सिंहांच्या अंगावर पाण्यातल्या क्षारांचा जाड थर चढलेला होता, त्यामुळे त्यांचे चेहरे पुसट झालेले होते आणि आम्हाला ते तसेच असतात असं वाटायचं.

पुढे त्या सिंहांना उचलून दुरुस्तीला नेलं. बऱ्याच वर्षांच्या कामानंतर, २०१२ साली, चौकात पुन्हा पाणी खेळलं. आता जमिनीला पांढऱ्या संगमरवराच्या लाद्या आहेत. सिंह स्वच्छ झाले आहेत आणि प्रत्येकाचं तोंड, आयाळ, दात वेगळे आहेत हे स्पष्ट दिसतं. इब्न झमरक या दरबारी कवीच्या ओळी कारंज्याच्या कडेवर कोरलेल्या आहेत, त्याही नीट वाचता येतात. पण तिथे बसता येत नाही. तिकीट कित्येक आठवडे आधी घ्यावं लागतं, त्यावर तुमचं नाव आणि पासपोर्टचा क्रमांक असतो, आणि नासरी महालात शिरायची अर्ध्या तासाची वेळ ठरलेली असते. ती चुकली की संपलं. वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक माणसं इथे येतात. गिलाव्याच्या नक्षीला माणसाचा श्वास आणि स्पर्शही सोसत नाही, तेव्हा हे निर्बंध हवेतच. मी त्यांच्या पूर्ण बाजूने आहे. नेपोलियनच्या सैन्याने १८१२मध्ये माघार घेताना इथले बुरूज सुरुंगाने उडवले. त्यानंतर १८२९मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग हा अमेरिकन लेखक इथे येऊन राहिला तेव्हा महाल पडका होता आणि गोरगरीब कुटुंबं त्यात बिऱ्हाडं करून होती. जुन्या काळाने अल्हाम्ब्राला काही फार जपलं नव्हतं. आजच्याइतकी तिची काळजी गेल्या पाचशे वर्षांत कधी घेतली गेली नसेल. तरीही शहरातल्या माणसाचा तिथला सहज वावर गेला, याची हळहळ वाटते. ज्या वास्तूत माणूस कंटाळा आला म्हणून जातो, ती त्याची असते. ठरलेल्या वेळी ओळखपत्र घेऊन जाणारा तिथे पाहुणा होतो.

हेनेरालिफेच्या त्या जिन्यावर यंदा मला मराठी ऐकू आलं. पुण्या-मुंबईकडची पंधरा-वीस मंडळी होती, गाइडच्या छत्रीमागे चाललेली. एक काकू कठड्यातल्या पाण्यात हात घालून आपल्या नातीला म्हणत होत्या, "बघ गं, किती गार आहे!" मला फार बरं वाटलं. माझ्या विद्यार्थिदशेत भारतीय माणूस दिसला तर तो बहुधा किनाऱ्यावरचा सिंधी दुकानदार असायचा. जिब्राल्टर, सेउता, मालागाच्या बाजूला त्यांची जुनी पेढ्या-दुकानं होती. २०११मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि चित्र पालटलं. त्यातलं 'सेन्योरिता' हे गाणं आंदालुसियातल्याच वेल्वा जिल्ह्यातल्या आलाहार नावाच्या छोट्या गावात चित्रित झालं आहे. त्यानंतर स्पेन हे आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या यादीत आलं, आणि आलं ते चांगलंच झालं.

आल्बायसीनबद्दल मात्र असं म्हणवत नाही. हा मूळचा मुसलमानी वस्तीचा भाग, अल्हाम्ब्राच्या समोरासमोरची टेकडी. तिथली घरं म्हणजे कार्मेन: रस्त्याकडे उंच कोरी भिंत, आत द्राक्षाचा मांडव, डाळिंब, लिंबू आणि एक लहानसं कुंड. मी अशाच एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या, मला "इहा" म्हणायच्या, म्हणजे "पोरी". सकाळी पाव आणायला प्लाथा लार्गाला जायचं, तिथे मंडईत भाजीवाल्याशी चार शब्द बोलायचे, वाटेत भेटेल त्याची विचारपूस करायची आणि दहा मिनिटांच्या कामाला तास लावून परतायचं, ही त्यांची रीत. माझं स्पॅनिश वर्गात कमी आणि त्यांच्या मागे पिशवी धरून जास्त झालं. त्यांच्या लहानपणी घरात नळ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी विटांच्या कमानीखाली जमिनीत बांधलेलं टाकं होतं, त्यातून मडक्याने पाणी आणायचं. आल्बायसीनमध्ये अशी दोन डझनांवर जुनी टाकी आहेत, बहुतेक मशिदींच्या शेजारी बांधलेली. आल्फाकार गावच्या मोठ्या झऱ्यातून निघालेला आयनादामार नावाचा पाट ती भरायचा. ११व्या शतकातला पाट आणि विसाव्या शतकातली मुलगी, मध्ये नऊशे वर्षं, आणि पाणी तेच. मशिदींची चर्चं झाली, भाषा बदलली, धर्म बदलला. टाक्यावरची रांग तशीच चालू राहिली. याच झऱ्याच्या जवळपास, विथ्नार आणि आल्फाकारच्या मधल्या रस्त्यावर, ऑगस्ट १९३६मध्ये कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काला गोळ्या घातल्या. आपल्याकडे गोविंद निहलानींनी 'रुक्मावती की हवेली' केला तो लोर्काच्याच नाटकावरून. घरमालकीणबाई लोर्काचं नाव घेताना आवाज खाली आणायच्या. हुकूमशहा फ्रँको जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरीही.

आता त्या गल्लीत दारांच्या कड्यांना अंकांची कुलूपपेटी लटकलेली दिसते. पर्यटक येतो, आकडे जुळवतो, किल्ली काढतो, तीन रात्री राहतो आणि जातो. गोट्यांच्या फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा ओढल्याचा आवाज पहाटेपासून सुरू होतो. युनेस्कोने १९९४मध्ये आल्बायसीनचा समावेश वारशाच्या यादीत केला तेव्हा आम्ही सगळ्यांनी आनंद मानला होता, घरं पडायची थांबली होती. घरं खरंच वाचली, नव्या चुन्याने उजळली. राहती माणसं मात्र उतारावरून खाली, शहराच्या कडेच्या इमारतींत गेली, कारण भाडं परवडेना. मालागात जून २०२४मध्ये हजारो लोक याच कारणासाठी रस्त्यावर उतरले होते. त्या वर्षी स्पेनला सुमारे नऊ कोटी चाळीस लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्याही आत आहे. मीही त्या आकड्यातलीच एक, हे विसरून हे लिहीत नाही. परंतु ज्या वस्तीत पाव आणायला जाणारी बाई उरत नाही, तिला वारसा म्हणून जपण्यात काय जपलं, हा प्रश्न मला आल्बायसीनमध्ये पावलोपावली पडला.

एक गोष्ट तिथे नव्याने आली आणि ती मला मनापासून आवडली. सान निकोलासच्या चौकाला लागून २००३ साली मशीद उघडली, ग्रानादात पाचशे वर्षांनंतरची पहिली. तिची बाग सगळ्यांना खुली असते. चौकातल्या कठड्यावर सूर्यास्ताला इतकी दाटी होते की पाय ठेवायला जागा नसते, आणि पाच पावलांवर या बागेत गुलाबांमध्ये बसून तीच अल्हाम्ब्रा, तेच हिमशिखर शांतपणे बघता येतं.

किनाऱ्याविषयी लिहिताना हात जरा आखडतो, कारण तिथलं बरंचसं मी पाहण्याआधीच होऊन गेलं होतं. तोरेमोलिनोस हे मालागाजवळचं कोळ्यांचं गाव. १९५९मध्ये तिथे 'पेथ एस्पादा' हे ऐषारामी हॉटेल उघडलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावाच्या जागी सिमेंटची भिंत उभी राहिली. लोक त्याला नावं ठेवतात. पण जाळी ओढणाऱ्या बापाची मुलं त्या हॉटेलांच्या पगारावर शिकली, त्यांना बार्सिलोना किंवा जर्मनी गाठावी लागली नाही, हेही खरं आहे. नेर्हा त्या मानाने टिकून राहिलं. १९८१-८२मध्ये स्पॅनिश दूरदर्शनवर 'बेरानो आसुल' ही मुलांच्या उन्हाळी सुट्टीची मालिका लागली, तिचं चित्रण या गावात झालं. त्यातला म्हातारा खलाशी चांकेते मरतो तेव्हा सगळा देश रडला होता, असं माझ्या वर्गातल्या मुली सांगायच्या. त्या मालिकेतल्या उन्हाळ्याच्या शोधात माणसं अजून नेर्ह्याला येतात.

माझा किनारा त्याच्या पूर्वेचा, ग्रानादा जिल्ह्यातला: आल्मुन्येकार, सालोब्रेन्या, मोत्रिल. आपल्या घराण्याच्या कत्तलीतून निसटलेला उमय्या राजपुत्र पहिला अब्दुर्रहमान ७५५ साली आल्मुन्येकारला उतरला आणि पुढे त्याने कॉर्दोबात राज्य उभं केलं. मी पहिल्यांदा बसने त्या बाजूला गेले, तेव्हा सालोब्रेन्याचा खडक दिसला. माथ्यावर मूरांचा किल्ला, अंगावर पांढरी घरं, आणि पायथ्यापासून समुद्रापर्यंत ऊस. वाऱ्यावर हलणारा, नजर पुरेल तिथपर्यंत ऊस! मराठी माणसाला परदेशात यापेक्षा ओळखीचं काय दिसणार? भारताकडून इराणात, तिथून अरबांच्या हातांनी पश्चिमेला गेलेला हा ऊस दहाव्या शतकापर्यंत या किनाऱ्यावर रुजला होता, आणि पुढे अटलांटिकची बेटं ओलांडून तो अमेरिकेत गेला. ग्वादाल्फेओ नदीच्या पाटांवर तो वाढायचा. वसंतात तोडणी चालायची. सालोब्रेन्याजवळच्या ला कालेता वस्तीतल्या कारखान्याची चिमणी धूर सोडायला लागली की उकळत्या रसाचा वास रस्त्यावर यायचा, आणि मला गुऱ्हाळावर उभं असल्यासारखं वाटायचं.

तो कारखाना २००६मध्ये बंद झाला. युरोपच्या भूमीवरचा उसाच्या साखरेचा तो शेवटचा कारखाना होता. हजार वर्षांचं पीक एका हंगामात संपलं आणि त्याचं कोणी फारसं दुःखही केलं नाही, कारण तोडणीचं काम फार कष्टाचं आणि मोबदला थोडा. आता तिथे अव्हाकादो आहे, आंबा आहे, आणि आपल्या सीताफळाच्या कुळातली चिरिमोया आहे. आंबा घट्ट गराचा, फिका, दिसायला देखणा. ओलित वाढत वाढत मालागाच्या आशार्किया भागात डोंगर उतारांवर चढलं, जिथे पूर्वी पावसाच्या पाण्यावर बदाम, ऑलिव्ह आणि मनुकांची द्राक्षं निघायची. बदामाला पाणी लागत नसे. अव्हाकादोला खूप लागतं. उत्तर युरोपाच्या बाजारात भाव चांगला, म्हणून ज्याला जमलं त्याने लावला. ला बिन्युएला या तिथल्या मोठ्या जलाशयात २०२४च्या सुरुवातीला आठ टक्क्यांहून कमी पाणी उरलं. शेतकऱ्यांनी झाडं छाटली, काहींनी बुंध्यापासून कापली. नंतर पाऊस झाला आणि पाणी वर आलं, पण मधल्या काळात उभ्या बागा वाळताना पाहिलेल्या माणसांची झोप उडाली ती उडालीच. इकडे ग्वादाल्फेओवर रूलेस धरण २००४मध्ये पूर्ण झालं; त्यातून शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या नळांसाठी मोत्रिलचे शेतकरी त्यानंतर वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले आहेत. मध्ययुगीन सुलतानाला जे आधी सुचलं, पाट आधी आणि महाल नंतर, ते इथे उलट झालं.

उसाची एक खूण मात्र जिवंत आहे. फ्रिहिलियाना या डोंगरउतारावरच्या गावात जुन्या वाड्यासारख्या इमारतीत आजही काकवी तयार होते, आणि आंदालुसियाभर वांग्याच्या कापांची कुरकुरीत भजी तिच्यात घोळून खातात. घरमालकीणबाई ती शुक्रवारी करायच्या. मी पहिला घास घेतला आणि त्यांना सांगितलं की हे आमच्याकडचं आहे. त्या म्हणाल्या, "मग बरं झालं, तुला करायला शिकवायला नको."

बर्फाची गोष्टही त्यांच्याकडूनच कळली. त्यांचे आजोबा नेवेरो होते, म्हणजे बर्फ आणणारे. संध्याकाळी खेचरं घेऊन सिएरा नेवादाच्या वरच्या घळींत जायचं, दबून घट्ट झालेला बर्फ कापायचा, पेंढा-पालापाचोळ्यात गुंडाळून खेचरांवर लादायचा आणि रात्रीतून उतरायचं, म्हणजे सूर्य वर येण्याआधी ग्रानादाच्या इस्पितळांत आणि आइस्क्रीमवाल्यांकडे पोचता येईल. बर्फाचे कारखाने आले आणि १९२०च्या दशकात हा धंदा संपला. ज्या वाटेने ते जात, ती वाट आता गिर्यारोहकांची आहे. बेलेता शिखराखालच्या कोनाड्यात तेव्हा युरोपातली सर्वांत दक्षिणेकडची हिमनदी होती. विसाव्या शतकातच ती आटली. १९६०च्या दशकात स्कीचं केंद्र झालं. १९९५ साली तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरायच्या होत्या, शहरभर पताका लागल्या होत्या, आणि बर्फच पडला नाही. स्पर्धा वर्षभर पुढे ढकलावी लागली. त्या वेळी लोकांनी त्याला दुर्दैव म्हटलं. आता तिथे रात्री तोफांनी कृत्रिम बर्फ उडवतात, आणि जुने लोक मार्चमध्ये डोंगराकडे बघून त्याच्यावर किती पांढरं उरलंय याचा अंदाज घेतात. खालच्या उन्हाळ्याचं पाणी त्या पांढऱ्यावर ठरतं.

ते पाणी उतरतं आल्पुहारात. सिएरा नेवादाच्या दक्षिण अंगाची ही गावं, कापिलेइरा, बुबियोन, पाम्पानेइरा, त्रेवेलेस, डोंगराच्या पायऱ्यांवर एकाखाली एक बसलेली आहेत. सपाट छपरं, त्यांवर करड्या चिकणमातीचा थर. उत्तर आफ्रिकेतल्या ॲटलस डोंगरातही अशीच घरं असतात. ग्रानादा शरण जाताना झालेल्या १४९१च्या तहात मुसलमानांना धर्म, भाषा, रिवाज राखण्याचं जे वचन दिलं होतं ते पुढच्या दहा वर्षांत मोडलं. सक्तीने धर्मांतर झालं. १५६७च्या फर्मानाने अरबी भाषा, पोशाख, हमामखाने सगळ्यावर बंदी आली, आणि १५६८च्या नाताळात आल्पुहारा उठला. दोन वर्षं लढाई चालली. मग उरलेल्यांना घरांतून काढून उत्तरेकडे हाकललं, आणि १६०९पासून अख्ख्या स्पेनमधून. त्यांच्या जागी दूरच्या प्रांतांतून वसाहतकरी आणले. या नव्या लोकांना पाट चालवता येईनात, म्हणून गावागावांत मोरिस्कोंची, म्हणजे धर्मांतर झालेल्या मुसलमानांची, दोन-दोन कुटुंबं मागे ठेवली होती, असं आल्पुहारात आजही सांगतात.

या डोंगरातली एक रीत मी विद्यार्थी असताना ऐकली होती, पण तिचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. बर्फ वितळायला लागला की पाटकरी उंचावरच्या ओढ्यांचं पाणी पाटात वळवतात आणि शेतात न नेता डोंगराच्याच मुरमाड अंगावर सोडून देतात. ते मुरतं. आठवडे, महिने जमिनीच्या पोटातून सावकाश उतरतं आणि जून-जुलैत, जेव्हा वर बर्फ नसतो आणि आभाळातून थेंब नसतो, तेव्हा खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं. गावांची उन्हाळी शेती, गुरांची कुरणं, चेस्टनटची झाडं याच पाण्यावर. कोणत्या ठिकाणी किती दिवस सोडलं की कोणता झरा कधी फुटतो, हे पाटकऱ्याला पाठ असतं. आमच्या धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटकरी फडाफडाला पाळीने द्यायचा आणि पाट सगळ्या गावाने मिळून साफ करायचा. माझे मामा त्या पाळीचे दिवस बोटांवर मोजायचे. ते आठवलं, आणि या डोंगरातल्या माणसांशी माझं नातं झटकन जुळलं.

मी पहिल्यांदा आल्पुहारात गेले ते म्हाताऱ्या माणसांचे दिवस होते. तरुण १९६०पासूनच बार्सिलोनाला, जर्मनीला निघून गेले होते. १९२०मध्ये येहेन गावी येऊन राहिलेल्या जेराल्ड ब्रेनन या इंग्रज लेखकाने जी भरलेली, गाणारी गावं पाहिली, ती मी पाहिली नाहीत. मी दारात बसलेल्या आज्या पाहिल्या आणि कुलपं पाहिली. पाट ओस पडत होते. मातीचा पाट एकदोन वर्षं साफ केला नाही की झुडपं मुळं घालतात, बांध फुटतो, आणि पाणी आपल्या वाटेने निघून जातं. काही ठिकाणी त्यांच्या जागी नळ टाकले. नळात गळती नसते, पण गळतीवरच तर झाडं, पक्षी आणि खालचे झरे जगत होते.

आता त्याच गावांत गालिचे विणणारी दुकानं आहेत, हॅमचे कारखाने आहेत, रविवारी पार्किंगला जागा नाही. पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. कान्यार गावच्या वर बार्हास नावाचा पाट १९८०च्या दशकापासून कोरडा पडला होता. २०१४मध्ये ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ खोसे मारिया मार्तिन सिवांतोस आणि त्यांच्या गटाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तो उकरला. विद्यार्थी, मेंढपाळ, निवृत्त शिक्षक, कुदळ-फावडी घेऊन चढले. पाणी पुन्हा आलं. त्यानंतर एकेक करून कितीतरी पाट असे मोकळे झाले. ज्या आयनादामारने आल्बायसीनची टाकी भरली, त्याच्यावरही काम झालं आहे. दुष्काळाची वर्षं वाढत चालली तशी या जुन्या विद्येकडे अभियंत्यांचीही नजर वळली, कारण धरणातलं पाणी उन्हाने उडून जातं आणि डोंगराच्या पोटातलं उडत नाही.

यंदाच्या वसंतात मीही अशा एका कामाला गेले. माझ्या हाताला लहान फावडं मिळालं, गाळ काढून कडेला टाकायचं काम. वयाने ऐंशीच्या आसपासचा पाटकरी काठी टेकत पुढे चालत होता आणि त्याच्या मागे विद्यापीठातली एक मुलगी वहीत लिहून घेत होती: या दगडापाशी फट आहे, इथे हिरवळीची ढेकळं लावायची, या खुणेपासून पुढे पाणी सोडायचं नाही, खालच्या वाटेचा कडा ढासळतो, तो झरा जूनमध्ये फुटला नाही तर वरच्या ओघळीत आणखी चार दिवस सोडायचं. तो एकेका जागेचं नाव सांगत होता आणि ती ते दोनदा विचारून घेत होती. नकाशात त्यातलं एकही नाव नाही. आजवर हे बापाकडून मुलाकडे जायचं. त्याचा मुलगा बार्सिलोनात टॅक्सी चालवतो. दुपारी पाव, चीज आणि सोललेल्या बदामांची शिदोरी झाली. मग पुन्हा काम. पाटाचा जो भाग मोकळा झाला होता त्यात संध्याकाळी पाणी सोडलं. सुरुवातीला ते चहाच्या रंगाचं, काटक्या-पानं ढकलत, थांबत थांबत पुढे आलं, आणि पाटकरी लगेच ओरडला की तिसऱ्या वळणाशी कड गळते आहे, धावा. आम्ही धावलो. गवताची ढेकळं उलटी करून दाबली, वर दगड ठेवले. तो म्हणाला, उद्या पुन्हा बघायला लागेल, आणि परवाही. त्या रात्री गावच्या पाणीवाल्यांची बैठक होती. उन्हाळ्यात कोणाच्या वाट्याला किती तास येणार, आणि त्या विद्यापीठातल्या मुलीला पाटकऱ्याची मदतनीस म्हणून काही मानधन देता येईल का, हे दोन विषय होते.